अपत्याचा ताबा आणि वकिलाची निवड

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात नाशिक येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या चिटणीसांनी ज्या विषयावर मला बोलावयास सांगितले, तो विषय संमेलनासारख्या आनंदाच्या प्रसंगी सहसा कोणी काढीत नाही. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, वधूवरांची यादी, वर्षाचा जमाखर्च आणि शेवटी पंगत, हा आपला ठरलेला क्रम आहे. घर बसल्याची वार्ता आपण मोठ्या आवाजात सांगतो. घर मोडल्याची दाराआड. त्यामुळे होते असे की, ज्या कुटुंबावर हा प्रसंग येतो त्याला कोणास विचारावे हे कळत नाही, आणि अशा वेळी जो पहिला भेटेल त्याच्या हाती ते कुटुंब आपल्या लेकराचे भवितव्य सोपवून मोकळे होते.

घटस्फोट बरा की वाईट, हा वाद मी आज मांडणार नाही. तो प्रसंग आलाच आणि पदरी अज्ञान मूल असले, तर वकील कसा शोधावा, त्यास काय विचारावे, आणि या कामी आपल्या मंडळाने काय करावे व काय करू नये, एवढेच मला सांगावयाचे आहे. नाशिकच्या न्यायालयांत कित्येक वर्षे वकिली केल्यामुळे या गोष्टी मी जवळून पाहिल्या आहेत.

आपल्याकडे काडीमोड काही नवी नव्हे. अनेक ज्ञातींत पंचांपुढे काडी मोडून नवराबायको वेगळी होत असत, आणि ज्या ज्ञातीत अशी रूढी सिद्ध होते तेथे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही ती राखून ठेवली आहे. परंतु रूढीचा काडीमोड निराळा आणि कायद्याने दिलेला घटस्फोटाचा हक्क निराळा. हिंदूंना असा हक्क देणारा कायदा बडोदे संस्थानात १९३१ साली झाला. तो करणारे महाराज सयाजीराव गायकवाड हे मूळचे आपल्याच जिल्ह्यातील कवळाण्याचे, ही गोष्ट आपणांस अभिमानाची वाटावी. पुढे मुंबई प्रांतात १९४७ साली आणि साऱ्या देशात १९५५ साली तसे कायदे झाले.

पंचांपुढे काडी मोडली जाई तेव्हा मुलाचा प्रश्न फारसा निघतच नसे. मूल बापाच्या कुळाचे, म्हणून ते बापाच्या घरी राहावयाचे. अंगावर पिते असले तर तेवढ्यापुरते आईकडे. मुलाला काय हवे, हे विचारण्याची रीत नव्हती. आजच्या कायद्याने नेमका हाच प्रश्न पहिला केला आहे. १८९० सालच्या पालक व पाल्य कायद्यात मुलाचे हित पाहावे असे सांगितले आहे. १९४१ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका निकालात स्पष्ट केले की, न्यायालयाने पाहावयाचे ते बापाचे हित नव्हे आणि आईचेही नव्हे, केवळ त्या अज्ञान मुलाचे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने तेच तत्त्व सर्वांत वर ठेवले. आणि १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने, मुले ही आईबापांची जंगम मालमत्ता अथवा खेळणी नव्हेत, अशा अर्थाचे जे उद्गार काढले, ते आजतागायत प्रत्येक निकालात आधारास घेतले जातात.

येथे तीन शब्दांतला भेद ध्यानी घ्यावा, कारण पक्षकार येतात ते तिन्ही एकत्र करून. ‘पालकत्व’ म्हणजे मुलाच्या वतीने कायदेशीर निर्णय घेण्याचा अधिकार. ‘ताबा’ म्हणजे मूल प्रत्यक्ष कोणापाशी राहील ते. आणि ‘भेट’ म्हणजे ज्याच्यापाशी मूल राहत नाही, त्याने ते केव्हा, कोठे व किती वेळ भेटावे ते. ताबा एकाकडे गेला म्हणजे दुसऱ्याचे नाते संपले, असे मुळीच नाही.

१९५६ च्या कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून बापाचे नाव प्रथम आहे आणि त्याच्या मागून आईचे. परंतु त्याच कलमात पुढे असेही म्हटले आहे की, पाच वर्षे पुरी न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा. ‘मागून’ म्हणजे बापाच्या मृत्यूनंतरच, असा अर्थ पूर्वी लावीत. १९७० साली जिजाबाई विरुद्ध पठाणखान या प्रकरणात मुलीचा बाप जिवंत होता, पण वर्षानुवर्षे वेगळा राहून त्याने तिची काही विचारपूस केली नव्हती. तेव्हा मुलीची सारी व्यवस्था पाहणारी आई हीच नैसर्गिक पालक मानली गेली. १९९९ साली लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो अर्थ अधिक विस्तृत केला: बाप कोणत्याही कारणाने मुलाची काळजी घेत नसेल, तर त्याच्या हयातीतही आई पालक होऊ शकते. गोव्यातून वर गेलेल्या एका प्रकरणात २०१५ साली हेही ठरले की, पाच वर्षांखालील मूल आईपाशी ठेवणे त्याच्या हिताचे नाही असे म्हणावयाचे असेल, तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी बापावर आहे.

यावरून कोणी असे समजू नये की आईची बाजू नेहमी वरचढ ठरते. पाच वर्षांनंतरच्या मुलाच्या बाबतीत असे कोणतेच गृहीत नाही. मूल समजत्या वयाचे असेल तर न्यायाधीश त्याचे मनोगत विचारात घेऊ शकतात. शिवाय ताब्याचा हुकूम कायमचा दगडावर कोरलेला नसतो. परिस्थिती पालटली तर तो पालटून मागता येतो.

आता वकिलाकडे वळू. वकील कसा असावा हे सांगताना मला एका नाशिककर स्त्रीची आठवण होते. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ साली नाशिक येथे झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि तेथे कायद्याचे शिक्षण घेणारी पहिली स्त्री ठरल्या. १८९२ साली त्यांनी परीक्षा दिली. परंतु स्त्रियांना पदवी देण्याचा नियम त्या विद्यापीठात नसल्याने पदवी हाती पडावयास पुढची तीस वर्षे जावी लागली. हिंदुस्थानात परत आल्यावर येथेही स्त्रीला सनद मिळेना. तशा स्थितीत १९०४ पासून त्यांनी बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे, म्हणजे अज्ञान वारसांच्या व त्यांच्या इस्टेटींच्या सांभाळाचे काम पाहणाऱ्या सरकारी खात्याकडे, कायदेविषयक सल्लागार म्हणून काम केले. पडद्यातील विधवा आणि पोरकी मुले यांच्या वाड्यांत जाऊन, मूल कोठे निजते, त्याला शिकवावयास कोण येते, त्याच्या जिवावर कोण टपले आहे, हे त्या स्वतः पाहत. सहाशेहून अधिक स्त्रिया व मुले यांना त्यांचा आधार झाला असे सांगतात. स्त्रियांना वकिलीचा मार्ग सर्वत्र मोकळा करणारा कायदा १९२३ साली झाला, तेव्हा त्यांची साठी जवळ आली होती.

ही हकीकत सांगण्याचे कारण असे की, अपत्याच्या ताब्याचा वकील कशावरून ओळखावा, याची खूण तीत आहे. जमिनीच्या दाव्यात वकील प्रथम सातबारा मागतो. त्याप्रमाणे ताब्याच्या कामात चांगला वकील प्रथम मूल मागतो. म्हणजे मुलाविषयी विचारतो. त्याचे वय काय, शाळा कोणती, शाळेत सोडतो कोण, ताप आला तर रात्री जवळ कोण बसते, आजी-आजोबांचा लळा कितपत, बहीणभाऊ एकत्र आहेत की नाहीत, आणि या भांडणात मुलाच्या कानांवर काय काय पडले आहे. पहिल्या अर्ध्या तासात ज्याने तुमच्या मुलाचे नावही विचारले नाही आणि समोरच्याला कसे गुडघ्यावर आणतो एवढेच सांगितले, त्याचा चहा पिऊन उठावे.

मग असा वकील शोधावा कोठे? वकिलांना स्वतःची जाहिरात करण्यास भारतीय वकील परिषदेच्या नियमांनी मनाई आहे. तेव्हा पाटी मोठी म्हणून वकील मोठा असे समजू नये. आणि न्यायालयाच्या आवारात “चला, आमच्या साहेबांकडे नेतो” असे म्हणणारा जो गृहस्थ भेटतो, त्याच्या मागे तर मुळीच जाऊ नये. नाशकात कौटुंबिक न्यायालय आहे. तेथे नित्य काम चालविणारे वकील कोण, हे वकील संघात चौकशी केल्यास कळते. ज्यांचे प्रकरण संपले आहे अशा दोन-तीन पक्षकारांस, जिंकलेल्यास आणि हरलेल्यासही, विचारावे. हरलेला पक्षकारही ज्याच्याविषयी आदराने बोलतो, तो वकील धरण्याजोगा. सनद खरी आहे की नाही, याची खातरजमा महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे करता येते.

शेतजमिनीच्या वाटपाचे काम उत्तम करणारा घरचा जुना वकील या कामी योग्य असेलच असे नाही. हाडवैद्य चांगला म्हणून त्याच्याकडून डोळ्याचे काम करून घेत नाहीत. आपल्या समाजातील वकिलाकडे जाण्यास हरकत नाही, पण एक गोष्ट पाहावी. त्याची दोन्ही घरांशी ओळख असते. कित्येकदा लग्नात तो दोन्हीकडून जेवलेला असतो. ज्या वकिलाने एका पक्षास सल्ला दिला त्याने त्याच प्रकरणात दुसऱ्या पक्षाचे काम घेऊ नये, असा व्यवसायाचा नियम आहे. सबब समोरच्या पक्षाने आपणांकडे विचारणा केली होती काय, हे संकोच न धरता विचारावे. परस्पर संमतीच्या घटस्फोटात दोघांचा मिळून एकच वकील करण्याची चाल पडली आहे. मालमत्तेपुरते ते चालून जाईल. परंतु मुलाविषयीची कलमे सहीपूर्वी प्रत्येकाने स्वतंत्र वकिलाच्या नजरेखालून घालावी, असा माझा आग्रह आहे.

या कलमांचे थोडे विस्ताराने सांगतो, कारण पुढची निम्मी भांडणे येथूनच उगवतात. “मुलाचा ताबा आईकडे राहील व वडिलांना भेटीचा हक्क राहील,” एवढी एकच ओळ लिहून पुष्कळ संमतिपत्रे पुरी होतात. मग प्रश्न उभे राहतात. बाप मुंबईस नोकरीला आहे आणि शनिवारी रात्री पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकरोडला उतरणार, तर रविवारी मूल त्याच्या हाती कोण देणार आणि कोठे? दिवाळीची सुट्टी कोणाकडे, उन्हाळ्याची किती दिवस कोणाकडे? शाळेच्या पालकसभेस दोघांनी जावे की एकाने? शस्त्रक्रियेच्या कागदावर सही कोणाची? पारपत्र काढावयाचे तर संमती कोणाची? उद्या आईची बदली पुण्यास झाली तर? जाणता वकील हे सर्व आधी विचारतो आणि तारीखवार, वेळेसह लिहून घेतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० सालच्या एका निकालात, मूल ज्याच्यापाशी नाही त्याला प्रत्यक्ष भेटीखेरीज दूरध्वनीवरून अथवा दृक्‌श्राव्य माध्यमातून मुलाशी बोलता आले पाहिजे, असे सांगितले आहे. तेही कलमांत असावे.

पहिल्या भेटीला जाताना कोणते कागद न्यावेत? विवाहाचा दाखला, मुलाचा जन्मदाखला, शाळेची प्रगतिपुस्तके, फीच्या पावत्या, लसीकरणाचे कार्ड, डॉक्टरांचे कागद, आपल्या उत्पन्नाचा पुरावा, आणि पूर्वी कोठे तक्रार अथवा समझोता झाला असेल तर त्याची प्रत. मूळ कागद आपल्याजवळ ठेवून नकला द्याव्या. त्याबरोबर मुलाचा दिनक्रम सकाळपासून रात्रीपर्यंत एका कागदावर लिहून न्यावा. कित्येक पित्यांना तो लिहिताना पहिल्यांदा समजते की, आपल्याला मुलाच्या वर्गशिक्षिकेचे नावही ठाऊक नाही. आणि कित्येक मातांना आठवते की, मूल झोपी जाई ते बापाच्या गोष्टी ऐकत. हा एक कागद घरातल्या घरात अनेक गोष्टींचा उलगडा करतो.

वकिलाला हे विचारावे: अपत्याच्या ताब्याची किती कामे आपण चालविली? तारखेस आपण स्वतः येणार की कनिष्ठ सहकारी? दावा कोठे दाखल होईल? पालकत्व कायद्याप्रमाणे अज्ञान मूल सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालयाला अधिकार असतो. कौटुंबिक न्यायालयाच्या हद्दीत राहणाऱ्यांचे काम तेथे. हद्दीबाहेरचे जिल्हा न्यायालयात अथवा त्यासाठी अधिकार दिलेल्या न्यायालयात. निकाल लागेपर्यंत मुलाची तात्पुरती व्यवस्था काय, त्यासाठी अंतरिम अर्ज केव्हा करणार, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कारण लहान मुलाच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे मोठा काळ होय. मुलाच्या पालनपोषणाचा व शिक्षणाच्या खर्चाचा अंतरिम अर्ज, नोटीस बजावल्यापासून शक्य तोवर ६० दिवसांत निकाली काढावा, अशी तरतूद २००१ साली विवाह कायद्यात करण्यात आली आहे, ती वकिलास ठाऊक असावी.

कौटुंबिक न्यायालयाची रीत थोडी निराळी आहे. १९८४ च्या कायद्याने ही न्यायालये निर्माण झाली. तेथे प्रथम समेटाचा प्रयत्न होतो, विवाह समुपदेशक दोघांशी बोलतात, आणि वकिलामार्फत बाजू मांडणे हा तेथे पक्षकाराचा हक्क नाही. त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. म्हणून पुष्कळदा समुपदेशकापुढे आईबापांना स्वतःच बोलावे लागते. चांगला वकील त्यासाठी तुम्हांस तयार करतो, परंतु मुलाला पढवून ठेवण्यास कधी सांगत नाही. पढविलेले मूल अनुभवी न्यायाधीशास दोन मिनिटांत ओळखू येते. आणि २०१७ सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने, एका पालकाने दुसऱ्याविरुद्ध मुलाचे मन कलुषित केल्याने त्याच्यावर होणाऱ्या दुष्परिणामांची गंभीर दखल घेतली आहे.

फीविषयी स्पष्ट बोलण्यात कमीपणा नाही. टप्प्याटप्प्याची रक्कम आधी ठरवून लिहून घ्यावी आणि पावती मागावी. निकालावर अवलंबून फी ठरविणे, अथवा मिळणाऱ्या रकमेत वाटा मागणे, हे वकिलांच्या नियमांना सोडून आहे. पत्नी अथवा पती, ज्याला स्वतंत्र उत्पन्न पुरेसे नाही, त्याने दाव्याच्या खर्चासाठी दुसऱ्याकडून रक्कम मागण्याची सोय हिंदू विवाह कायद्यात आहे. आणि जी गोष्ट आपल्या भगिनींना सर्वांत कमी ठाऊक असते ती ही: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला आणि बालकाला उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाशी संलग्न आहे. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही चौकशी करता येते. माहेरच्यांनी पैसा दिला नाही म्हणून मुलावरचा हक्क सोडला, असे यापुढे आपल्या समाजातील एकाही भगिनीला म्हणावे लागू नये.

कोणता वकील टाळावा हेही सांगतो. जो निकालाची हमी देतो. जो न्यायाधीश आपल्या ओळखीचे असल्याचे सुचवितो. जो ताब्यासाठी समोरच्यावर खोटी फौजदारी तक्रार करावयास सांगतो. आणि जो “मूल शाळेतून गुपचूप उचलून आणा, मग पाहू” असा सल्ला देतो. खरा छळ झाला असेल तर तक्रार जरूर करावी, त्यास कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे. परंतु खोटी तक्रार मुलाच्या आईला अथवा बापाला गुन्हेगार ठरवू पाहते, आणि ती जखम शेवटी मुलाच्या वाट्याला येते.

निवड चुकली असे वाटले तर वकील बदलता येतो. नव्या वकिलाचे वकीलपत्र देण्यापूर्वी जुन्याची ना-हरकत घेण्याची पद्धत आहे. फी बाकी आहे एवढ्यावरून वकिलाने पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे. प्रकरणाला सोळा अक्षरी क्रमांक मिळतो; तो लिहून ठेवला म्हणजे पुढची तारीख आपली आपल्याला भ्रमणध्वनीवर पाहता येते. “तारीख कळलीच नाही,” ही तक्रार मग उरत नाही.

आता थोडे कटू बोलतो. वडीलधाऱ्यांनी राग मानू नये. आमच्या व्यवसायात एक प्रकार वारंवार दृष्टीस पडतो. नवराबायकोचे बिनसले की दोन्हीकडचे पाच-सात प्रतिष्ठित एकत्र बसतात. मुद्रांकावर लिहिले जाते: दागिने मुलीस परत, पोटगी मागावयाची नाही, मूल बापाच्या घरी. मुलीची सही होते, शेजारी तिच्या बापाची. मुलाचा बाप पुन्हा लग्न करतो. दोन वर्षांनी ती मुलगी रडत वकिलाकडे येते. तो मुद्रांक न्यायालयाला मुलाच्या बाबतीत बांधील नाही, कारण आईबापांच्या करारापेक्षा मुलाचे हित वरचे. पण तोवर मूल त्या घरी, त्या शाळेत रुळलेले असते, आणि ते आता हलवावे काय असा प्रश्न न्यायालयाला पडतो. कागद टिकला नाही तरी गेलेली दोन वर्षे टिकतात. पंचांनी वाईट हेतूने काही केले नव्हते. त्यांनी भांडण मिटविले, आणि भांडणाबरोबर मुलाची आईही मिटविली.

म्हणून मंडळाने या कामी न्यायासनावर बसू नये. ज्ञातीच्या दडपणाने कोणास वाळीत टाकणे तर सरळ गुन्हा आहे. जातपंचायतींच्या जाचाच्या ज्या घटना आपल्या नाशिकसह राज्यात उघड झाल्या, त्यांतून २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा झाला आणि जुलै २०१७ पासून तो अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. संस्था नोंदलेली आहे म्हणून तिला त्यातून सूट नाही.

मंडळाने करण्याजोग्या गोष्टी मात्र पुष्कळ आहेत. त्यांतील चार मी आपणापुढे ठेवतो. एक, कौटुंबिक न्यायालयात काम करणाऱ्या वकिलांची, त्यांत स्त्री-वकिलांचीही, एक यादी कार्यालयात ठेवावी. ती केवळ आपल्या ज्ञातीपुरती नसावी. दोन, विधी सेवा प्राधिकरणापर्यंत सोबत जाण्यास दोन भगिनी व दोन बंधू नेमावेत. पहिली पायरी चढताना सोबत असली म्हणजे पुढची वाट सोपी होते. तीन, रविवारी आपले सभागृह बहुधा रिकामे असते. दोघांची संमती अथवा न्यायालयाची परवानगी असेल तेथे, मुलाने ज्या आईला वा बापाला भेटावयाचे त्याची भेट या सभागृहात होऊ द्यावी. एस.टी. स्थानकाच्या गर्दीत अथवा हॉटेलच्या टेबलावर बापाला भेटण्यापेक्षा, चार खेळणी आणि एक पंखा असलेली ही जागा मुलाला बरी.

चौथी गोष्ट लहान आहे, पण मला ती सर्वांत निकडीची वाटते. आपल्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर आजही ‘वडिलांची सही’ एवढीच ओळ छापलेली आहे. आईपाशी वाढणारे मूल त्या ओळीपाशी अडते आणि अर्ज न भरताच परत जाते. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, सरकारी कागदपत्रांवर, आईचे नाव लावणे आवश्यक केले आहे. शासनाने एवढे केले. आपण निदान ‘आई अथवा वडील’ असे छापावे. त्यास छपाईचा खर्च काही वाढत नाही.

शेवटचे दोन शब्द आजी-आजोबांना. या साऱ्या प्रकरणात तुमचे दुःख कोणी विचारीत नाही, हे मी जाणतो. नातू दाराशी धावत येत नाही, हे सहन करणे कठीण आहे. परंतु वकिलाकडे मुलामागून तुम्ही आलात, की मुलाच्या तोंडातला शब्द तुम्ही बोलू नये. आणि नातवंड घरी आले असता त्याच्या दुसऱ्या पालकाविषयी वावगा शब्द काढू नये. १९७३ पासून न्यायालये जे सांगत आली आहेत ते तुमच्या ओसरीवरच पाळता आले, तर निम्मी कामे आमच्याकडे येणारच नाहीत. भारतीय विधी आयोगाने २०१५ साली आपल्या २५७ व्या अहवालात, मुलाच्या हिताचे असेल तेथे दोन्ही पालकांनी मिळून संगोपन करण्याची वाट मोकळी करावी अशी शिफारस केली. कायदा होईल तेव्हा होईल. समजूतदार घरांना त्यासाठी थांबण्याचे कारण नाही.

वकील हा शेवटी साधन आहे. आपण त्याच्याकडे सूड मागितला तर तो सूडाचे कागद तयार करील, आणि मुलाचे हित मागितले तर ते शोधील. काय मागावयाचे हे त्याच्या कचेरीची पायरी चढण्यापूर्वी आपल्या मनाशी ठरलेले असावे. नाशकात जन्मलेल्या एका स्त्रीने, सनद हाती नसतानाही, परक्या मुलांसाठी वाड्यावाड्यांतून फिरून त्यांचे हित शोधले. आपल्याच मुलांसाठी तेवढे कष्ट घेणे आपणांस जड जाऊ नये.

 शिष्यवृत्तीच्या अर्जाविषयीची सूचना कार्यकारी मंडळाने पुढील बैठकीत विचारात घ्यावी, अशी अध्यक्ष महाराजांना विनंती करून मी माझे भाषण संपवितो.